आमच्या घरचा कडू घास

मागच्या गणपतीत सोसायटीने आईचा सत्कार केला. शाल, नारळ आणि 'अन्नपूर्णा' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह. सेक्रेटरींनी भाषणात लॉकडाऊनमधल्या आमच्या बी विंगच्या एकीचं असं काही वर्णन केलं, की मला वाटलं, हे गृहस्थ त्या वेळी दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीत राहत असावेत. मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर आई ती शाल आजीच्या गुडघ्यांवर पांघरत म्हणाली, "मनू, चार लोकांत एवढं तोंड वाकडं करून बसतात का?" मी म्हटलं, "माझं तोंड त्या दिवसापासून वाकडंच आहे." कुठला दिवस, हे तिने विचारलं नाही. माझं लग्न झालं, मी मुर्ध्याला नव्या टॉवरमध्ये राहायला गेले, सासरी मला सगळे शांत मुलगी म्हणतात. काळासारखं औषध नाही असंही लोक म्हणतात. माझ्या बाबतीत ते औषध लागू पडलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

परळची दहा बाय बाराची खोली विकून आम्ही भाईंदर ईस्टला इंद्रलोकमध्ये आलो, तेव्हा मी शाळेत होते. आई, बाबा, बाबांची आई आणि मी. वन बीएचके, चौथा मजला आणि किचनला स्वतंत्र खिडकी. त्या खिडकीचं आईला कोण कौतुक! खरं म्हणजे ती उघडायची डक्टमध्ये; समोर पाइप, कबुतरं आणि इतरांच्या किचनच्या खिडक्या. पण त्यामुळे कोणाकडे काय शिजतंय हे कोणाला विचारावं लागत नसे. खालच्या मजल्यावर सावंतकाकूंकडे सुकटीला फोडणी पडली की आमच्या शेजारच्या जिग्नाबेन धाडकन खिडकी लावून घ्यायच्या. जिग्नाबेनकडे कढी उकळली की आजी पलंगावरून जाहीर करायची, "आज गुरुवार वाटतं, कढी केलीय." पाणी मात्र या इंद्रलोकात नव्हतं. पिण्याचं दिवसाआड यायचं आणि बाकीचं टँकरचं, नाहीतर बोअरचं मचूळ. त्या मचूळ पाण्यात तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी शिजायची नाही, दाणा दाताखाली कचकन लागायचा. आईने मग डाळीचा नादच सोडला आणि आमच्याकडे पिठलं वाढलं. पिठाला पाण्याची मिजास चालते, डाळीला चालत नाही, असं ती म्हणायची.

बाबा एका टूर्सच्या ऑफिसात होते. लोकांची काश्मीर-केरळची बुकिंगं करायचे आणि स्वतः रविवारी स्कूटरवरून उत्तनला जाऊन सुका जवळा आणि बोंबील घेऊन यायचे, तीच त्यांची सहल. लॉकडाऊन लागला, माणसं घरात कोंडली गेली, तेव्हा सहलीला कोण जाणार? आधी पगार अर्धा झाला, मग ऑफिसच बंद झालं. आमच्या विंगमध्ये अशी घरं पुष्कळ होती. सावंतकाका विमानतळावरच्या कॅन्टीनमध्ये होते, ते घरी बसले. जिग्नाबेनच्या नवऱ्याचा लग्नाच्या हॉलला मंडप आणि फुलं पुरवायचा धंदा होता, तोही बसला. कोणी कोणाला सांगत नव्हतं, पण डक्टमधले वास कमी झाले तसं सगळ्यांना सगळं कळलं. आधी मटणाचा वास गेला, मग तुपाचा, मग फोडणीतला लसूणही कमी झाला.

एके दिवशी सावंतकाकू रिकामं पातेलं घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, एवढ्याशा फ्लॉवरची भाजी पाच माणसांना कशी पुरवायची सांगा." आईने देठ, पानं सगळं बारीक चिरायला लावलं, त्यात मूठभर बेसन पेरलं आणि पातेलं भरून भाजी दिली. मग काकूंनीच सुचवलं की हे ग्रुपवर टाका. ग्रुपचं नाव 'बी विंग लेडीज'. आईला मोबाईलवर टाइप करायचा कंटाळा, म्हणून ती बोलून पाठवायची. आणि सुरुवात दर वेळी अशी, जणू काही समोरच्याने फोन उचललाय, "हॅलो, हां, मी पाटकर बोलतेय, चौथ्या मजल्यावरून." निम्मी विंग अमराठी, त्यामुळे तेच पुन्हा तिच्या हिंदीत व्हायचं. "दोडके का जो ऊपर का शीर होता है ना, वो फेकने का नहीं. किसने का, तेल में कुरकुरीत परतने का, तीळ डालने का, चटणी हो गयी." "कलिंगड का लाल तुम खाओ, सफेद का क्या करने का वो मेरेको पूछो." बाबा आणि मी हसून हसून बेजार व्हायचो. अकराच्या सुमाराला तिचा निरोप पडला की थोड्याच वेळात डक्टमधल्या सात-आठ खिडक्यांतून तिचा आवाज एकापाठोपाठ एक, मागेपुढे ऐकू यायचा. आई ओट्यापाशी उभी राहून स्वतःचा तो गलका ऐकायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. तिला इतकी खूश मी परळलाही पाहिली नव्हती.

हळूहळू ती नुसत्या कृती सांगून थांबेना. ज्याच्याकडे डब्यात खडखडाट आहे, त्याच्याकडे आज कोणी काय पाठवायचं, हेही ग्रुपवर आईच ठरवू लागली. आज जिग्नाबेनचे थेपले तिसऱ्या मजल्यावर, उद्या सावंतांची उसळ पहिल्यावर. आणि डबे पोचवायचं काम बाबांचं. लिफ्ट तर महिन्यातून निम्मे दिवस बंद. बाबा मास्क लावून डबे घेऊन खाली-वर करत राहायचे. नोकरी गेल्याचा राग त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण कोणी "पाटकर, तुमच्यामुळे आज पोरं जेवली" असं म्हटलं की घरी येऊन तेच वाक्य दोनदा सांगायचे. मला तेव्हा त्याची जरा लाज वाटायची. आता वाटत नाही.

त्या काळात विंगमध्ये माणसंही गेली. आमच्यात ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. स्मशानातून माणसं परतली की शेजारपाजाऱ्यांनी पिठलं-भात घेऊन जायचं आणि घरच्यांना बळेबळे दोन घास भरवायचे. त्याला कडू घास म्हणतात. तो मागायचा नसतो आणि विकतही आणायचा नसतो, दुसऱ्याने आपणहून आणायचा असतो. दुसऱ्या मजल्यावरचे पवारआजोबा गेले तेव्हा एकाच वेळी नऊ घरांतून पिठलं-भात गेला. ऐन उन्हाळा, दुसऱ्या दिवशी सगळं आंबलं आणि खाली कचऱ्याच्या ड्रमात गेलं. आईने ते पाहिलं आणि ग्रुपवर सगळ्यांना झापलं. "इकडे लोकांच्या घरात पीठ नाही आणि आपण अन्न नासवतोय. यापुढे मी एकाच घराचं नाव सांगणार. ज्याचं नाव येईल त्यानेच न्यायचं. बाकीच्यांनी घरूनच हात जोडायचे." सगळ्यांनी अंगठ्यांची चित्रं टाकून मान्य केलं. तेव्हापासून विंगमध्ये कोणी गेलं की ग्रुपवर पहिला प्रश्न यायचा, "वहिनी, आज कोणाचा नंबर?" आई नाव सांगायची, त्या घरात पिठलं व्हायचं, बाबा ते पोचवायचे आणि गेलेल्या माणसाच्या घरच्या पुरुषांजवळ थोडा वेळ बसून यायचे. शहाणपणाचाच नियम होता, त्यात वावगं काही नव्हतं.

दुसऱ्या लाटेत बाबा गेले. सकाळची वेळ, लिफ्ट बंद होती आणि ते खालून कोणाचा तरी पाण्याचा जार घेऊन वर येत होते, मी त्यांच्या मागे होते. तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मनू, जरा थांबू दे." रिक्षा हॉस्पिटलपर्यंत पोचायच्या आत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी सांगितलं. कोरोनाच्या तपासणीत काही निघालं नाही आणि हे सगळ्या विंगला माहीत होतं, कारण सेक्रेटरींनीच ते ग्रुपवर टाकायला लावलं होतं. म्हणून 'आम्हाला भीती वाटली' ही सबब मी कोणाचीही ऐकून घेत नाही. भीती वाटली असती तर मी माफ केलं असतं.

मामा सांगलीला, आत्या रत्नागिरीला. पास मिळून कोणाला यायला दोन दिवस लागणार होते. अग्नी मीच दिला. बरोबर विंगमधले चार पुरुष होते, त्यांत सावंतकाका. दुपारी परत आलो, गेटवर सगळ्यांनी कडुनिंबाचं पान चावलं, पायांवर पाणी घेतलं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काही लागलं तर हाक मार, बाळा." मग चौघे आपापल्या घरी आंघोळीला आणि जेवायला गेले. वर आई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिने पहिली गोष्ट काय सांगितली असेल? "तीन ताटं घासून ठेव मनू. कोणीतरी येईलच. आजीला तिखट चालत नाही, तेवढं त्यांना सांग."

मी ताटं घासली आणि पुसून ओट्यावर पालथी घातली. आईचा मोबाईल एकसारखा थरथरत होता. मी उघडून पाहिला. जोडलेले हात, समईचा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, पुन्हा जोडलेले हात. एक कुठून तरी उचललेला लांबलचक मजकूर, त्यात बाबांना देवमाणूस म्हटलेलं. जिन्यात पाय वाजला की आई पदर सारखा करायची आणि दाराकडे बघायची. पाय वर नाहीतर खाली निघून जायचे. डक्टमधून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. कोणाकडे तरी मोहरी तडतडली. तीन वाजले, चार वाजले. तोंडात त्या पानाचा कडूपणा तसाच होता आणि मला भयंकर भूक लागली होती. बाबा जाऊन दिवससुद्धा उलटला नव्हता आणि मला भूक लागली होती, याची चीड येऊन मी किचनमध्ये जाऊन रडले.

खरी काळजी आजीची होती. तिला साखरेचा आजार. सकाळी गोळी घेऊन झाली होती आणि पोटात कण नव्हता. दिवेलागणीला तिच्या कपाळावर घाम आला, हात लटपटायला लागले. मी वाटीत साखरेचं पाणी करून तिच्या तोंडाला लावलं. तिने ओठ घट्ट मिटले. "लेकाला जाळून आलीस आणि माझ्या तोंडात गोड घालतेस?" म्हणाली. मी हातापाया पडले तेव्हा कशीबशी अर्धी वाटी घेतली, तीही डोळे मिटून, विष घ्यावं तशी. मी उठले आणि गॅसच्या बटणाला हात घातला. आईने बसल्या जागेवरून हाक मारली. "नको मनू. आज आपल्या घरात पेटवायचा नाही. आणि आपण भात लावला आणि तेवढ्यात कोणी घेऊन आलं, तर त्यांना काय वाटेल?"

त्यांना काय वाटेल! ती स्वतः सकाळपासून उपाशी आणि ज्यांचा पत्ता नाही त्यांच्या मनाचा विचार करतेय. त्या क्षणी मला आईचाही राग आला. खाली फार्मसीत जाऊन येते असं सांगून मी बाहेर पडले. सुतकातल्या माणसाने कोणाच्या दारात जायचं नसतं, हे मला माहीत होतं.

जिग्नाबेननी दार उघडलं आणि मला बघून रडायलाच लागल्या. "बेटा, सुबह से भाईसाब का चेहरा आँख के सामने है." मी म्हटलं, "आंटी, दादी ने कुछ खाया नहीं. किसी के यहाँ से कुछ आया नहीं." त्यांनी गालाला हात लावला. "अरे! भाभी ने ग्रुप में नाम नहीं बोला तो मैं समझी सावंतभाभी का नंबर होगा. अब तो सूरज डूब गया बेटा, हमारा चौविहार हो गया, गॅस भी पोंछ दिया. खाखरा दूँ?" सूर्यास्तानंतर त्यांच्याकडे खात नाहीत, ते मला माहीत होतं, त्यांचं काही चुकत नव्हतं. खाखऱ्याचं पाकीट हातात घेऊन मी खाली गेले. आजीला दात नव्हते.

सावंतांचं दार श्रावणीने उघडलं. ती माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात. एका हातात मोबाईल, तोंडात घास. आत टीव्ही चालू होता आणि अंड्याच्या रश्शाचा वास येत होता. दुपारी तिनेही स्टेटसला बाबांचा फोटो ठेवला होता, मेणबत्तीसकट. "मम्मी, मनाली आलीय," एवढंच ती म्हणाली. काकू हात पुसत आल्या आणि उंबऱ्याच्या आत अर्धं पाऊल मागे सरकल्या.

"अगं मनू! तू कशाला खाली आलीस? जेवलात ना तुम्ही?"

"नाही काकू. कोणी काही आणलंच नाही."

"अगंबाई! मला वाटलं जिग्नाबेनने दिलं. ग्रुपवर तुझ्या आईने कोणाचं नावच सांगितलं नाही ना. मी दोनदा उघडून बघितलं. तिने नाव सांगितलं असतं तर मी केलं नसतं का? एक मेसेज टाकायचा ना गं पटकन!"

मला वाटतं, माझं लहानपण त्या उंबऱ्याबाहेर संपलं. अग्नी देताना नाही संपलं. आईने करायला काय हवं होतं? हॅलो, हां, मी पाटकर बोलतेय, चौथ्या मजल्यावरून, आज आमचे हे गेले, तर आमच्या घरचा कडू घास अमक्याने आणावा. असं? मला हे सगळं तिथेच ओरडून बोलायचं होतं. पण वर आजी होती. मी म्हटलं, "थोडा भात असेल तर द्या काकू. आजीला शुगर आहे." त्यांनी कुकरमधला गरम भात आणि वरण स्टीलच्या डब्यात भरून दिलं, वर लिंबाची फोडही ठेवली. तेवढा वेळ श्रावणी दाराला टेकून उभी होती आणि घास चावत होती.

घरी आल्यावर मी म्हटलं, "सावंतकाकूंनी पाठवलंय." आईने डबा उघडला. वरण-भात, पिठलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पाठवलंय, की तू मागून आणलंस?" मी ओट्यावरची ताटं सुलटी करायला लागले. "मागून आणलेल्याला कडू घास म्हणत नाहीत, मनू," ती म्हणाली, अगदी हळू, जणू कृतीतली एखादी चूक सांगत होती. "आजीला आधी दे. मऊ कालव." मग तिने स्वतः भात कालवला, एक घास मला भरवला, एक स्वतःच्या तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. त्या दिवसात ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ घरांतून पिठलं आलं. आठही पिठली एकाच चवीची होती, आईच्याच कृतीची. प्रत्येकीने दारात तेच वाक्य म्हटलं, नाव आलं नव्हतं ना. आई प्रत्येकीला म्हणाली, "असू दे, गडबडीत राहून जातं." मी एकाही डब्याला हात लावला नाही. आई ग्रुपवर बोलायची मात्र थांबली आणि मला वाटलं, चला, एवढी तरी शिक्षा तिने त्यांना दिली.

पावसाळ्यात सावंतकाकांची आई गेली. स्मशानातून माणसं यायच्या आधीच ग्रुपवर निरोप आला, "वहिनी, आज कोणाचा नंबर?" आईने तो वाचला आणि इतक्या दिवसांनी बोलून उत्तर पाठवलं, "आमचा." एवढंच. आणि तिने बेसनाचा डबा काढला. मी आडवी उभी राहिले. "आई, नाही न्यायचं. त्यांना बसू दे तसंच. कळू दे त्यांना." ती म्हणाली, "बाजूला हो, गुठळ्या होतील." मी आरडाओरडा केला, बाबांचं नाव घेऊन नको ते बोलले. तिने शांतपणे पिठलं घोटलं, भात लावला आणि डबा माझ्या हातात दिला, कारण डबे न्यायला आता दुसरं कोणी नव्हतं.

आई पुढे आणि मी डबा घेऊन मागे. दार श्रावणीनेच उघडलं. डोळे सुजलेले. आईला बघून काकूंनी तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला आणि आईने जमिनीवर बसून त्यांना, काकांना आणि श्रावणीला एक-एक घास स्वतःच्या हाताने भरवला. काकू रडत म्हणाल्या, "तुमच्यासारखं पिठलं कोणालाच जमत नाही हो वहिनी." मी दारातच उभी होते. आत गेले नाही.

परत येताना जिन्यात आई थांबली, कठड्याला धरून दम घेतला आणि म्हणाली, "मी त्यांच्यासाठी नाही नेलं, मनू. त्या घरात तुझ्याएवढी पोरगी आहे. घास मागायला तिला कोणाच्या दारात उभं राहायला लागू नये." आई तशीच आहे, तिचं काही खोटं नव्हतं. पण मी तिच्यासारखी नाही. मला श्रावणीला त्या संध्याकाळी आमच्या दारात उभी राहिलेली बघायचं होतं, तिच्या आईसाठी भात मागताना, आणि मी घास चावत दाराला टेकून उभी. मला ते अजून बघायचं आहे.